तो आवाज उन्हाचा की माझा

मी बोलतेय. दार कुठलं आणि भिंत कुठली हे पहिल्यांदा येणाऱ्याला चटकन कळत नाही, अशी मी एक छोटी लाकडी केबिन. नेदरलँड्समध्ये, फेलुवेच्या जंगलात उभी आहे. बोलायला सुरुवात केली खरी, पण पहिल्याच वाक्याला अडखळायला होतं. मी नक्की कुठली, हेच मला धड सांगता येत नाही.

माझं लाकूड स्वीडनच्या जंगलातलं, बोटीने आलेलं. काच जर्मनीची. मला कागदावर काढणारी हॅनेके नावाची आर्किटेक्ट मात्र इथल्याच हार्लेम शहराची. माझ्या जाहिरातीत 'नॉर्डिक जंगलातली शांतता' असं छापलंय. आजूबाजूच्या डच झाडांना वाचता येत नाही हे बरं, नाहीतर ती रुसलीच असती.

हॅनेकेने माझ्यासाठी दोन वर्षं रक्त आटवलं. कपाटं दिसू नयेत म्हणून तिने ती भिंतीत लपवली. दाराला उंबरा ठेवला नाही, जमीन आतून बाहेर सलग जायला हवी म्हणून. पडद्यांना तर तिने साफ नकार दिला. "इथे माणसाने काही आणू नये आणि मागे काही ठेवू नये," असं ती सुताराला बजावायची. मी तेव्हा कोरी होते. जे कानावर पडेल ते मला पटायचं.

गंमत म्हणजे ती स्वतः माझ्यात एक दिवसही राहिली नाही. फोटो काढले आणि गेली. मग एका कंपनीने मला भाड्याने द्यायला सुरुवात केली.

पाहुणे येत गेले. कुणी दोन दिवस काचेसमोर नुसतं बसून राहायचं आणि जाताना पाहुण्यांच्या वहीत 'किती शांत!' असं लिहायचं. एक जण कादंबरी लिहायला आला आणि चार दिवस झोपून गेला. प्रत्येक मुक्कामानंतर वील्मा नावाची सफाईवाली यायची आणि मला पुन्हा कोरं करून जायची. कुणाचं काही उरायचं नाही. हे असंच असतं, अशी माझी समजूत होती.

मागच्या ऑक्टोबरात निहार आणि त्याची बायको ईशानी आले. निहार नायमेखनला चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. त्या दोघांनी वर्षभरात पाच घरांसाठी बोली लावली होती आणि पाचही हातची गेली होती. त्या दुःखावर उतारा म्हणून दोन दिवस माझ्याकडे आले होते.

सकाळी ईशानीने दारात कॉफी पीत उभ्या असलेल्या निहारचा फोटो काढला. त्याने तो 'नेर्लेकर परिवार' नावाच्या ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. दोन मिनिटांत त्याच्या आत्याचा मेसेज आला, 'नवीन वास्तूबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि खाली तीन नारळ. मग काका, मग चुलतभाऊ, मग कोण कोण. आत्याने म्हटलंय म्हणजे खरंच असणार, असं धरून सगळ्यांनी नारळ आणि कलश पाठवले. फोटो कसला आहे, हे कुणी विचारलंच नाही.

"अरे, पटकन लिही ना, आपण दोन दिवसांसाठी आलोय म्हणून," ईशानी म्हणाली.

"लिहितोच आहे. थांब, आईचा फोन येतोय."

फोनवर त्याची आई आनंदाने रडत होती. नोकरीसाठी नायमेखनचा फ्लॅट आणि सुट्टीसाठी जंगलात घर, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. निहारने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "हो आई."

मी चक्रावले. मी याची? कधीपासून? कंपनीने विकलं की काय मला? दुसऱ्या दिवशी तो निघून गेला, वील्मा आली, दुसरे पाहुणे आले. मग मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं असेल.

आठ महिन्यांनी, जूनमध्ये तो परत आला. या वेळी तासभर आधी एकटाच आला. पाहुण्यांची वही त्याने गादीखाली सरकवली. नियमांची पाटी उतरवून पलंगामागे टाकली. मग स्टेशनवर जाऊन ईशानीला आणि आईवडिलांना घेऊन आला. लतिकाबाई आणि प्रतापराव, दोघं आठवड्यापूर्वी चिंचवडहून त्यांच्या नायमेखनच्या फ्लॅटवर आलेले. बाईंच्या बॅगेत हळद, कुंकू, सुपाऱ्या आणि स्टीलचं एक छोटं पातेलं होतं. ईशानी निहारच्या कानात एवढंच म्हणाली, "आज सांग."

लतिकाबाई दारात थबकल्या. "अरे, उंबरा कुठाय?"

"इथे नसतो उंबरा, आई."

"मग मी आत आले की अजून बाहेरच आहे?"

खरं सांगते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शेवटी त्यांनी आतल्या बाजूने चौकटीवर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटवली. माझ्या कोऱ्या लाकडावर! ओरडावं की नमस्कार करावा ते मला कळेना.

मग त्यांनी भिंतीतले सगळे कप्पे शोधून काढले. हॅनेकेने इतक्या हुशारीने लपवलेले, पण बाईंना पाच मिनिटंही लागली नाहीत. एकेक कप्पा उघडला, आत पाहिलं, मिटला. प्रतापराव काचेसमोर उभे होते. "हे घर आहे की काचेचं कपाट? ते हरीण बघ, आपलंच प्रदर्शन बघायला आलंय," म्हणाले आणि स्वतःच हसले.

संध्याकाळी बाईंना दिवा लावायचा होता. पण सात वाजले, आठ वाजले, ऊन हलायला तयार नाही. "तिन्हीसांजा व्हायच्या तरी कधी इथे?" त्या पुनःपुन्हा विचारत होत्या. शेवटी साडेआठला, लख्ख उजेडात, त्यांनी निरांजन लावलं आणि हात जोडले. तेवढ्यात प्रतापराव म्हणाले, "बघून घे नीट. या वयात मी काही पुन्हा येत नाही इथे."

"अहो! घरात असं बोलू नये. वास्तू ऐकत असते. तथास्तु म्हणते ती."

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. तथास्तु? मी? हॅनेकेच्या नकाशात पावसाचं पाणी कुठून जाईल, थंडी अडवायला भिंतीत लोकर किती जाड भरायची, सगळं होतं. हे काम माझ्याकडे आहे असं कुठेच लिहिलं नव्हतं. आणि असेलच, तर आजवर मी किती लोकांचं काय काय होऊ दिलं? 'माझ्याने ही कादंबरी पुरी व्हायची नाही' असं तो चार दिवस झोपलेला माणूस म्हणाला होता. तेव्हा मी काही बोलले होते का?

दुसऱ्या दिवशीही निहारने सांगितलं नाही. सकाळी आई आनंदात होती म्हणून, दुपारी ती दमली होती म्हणून. ईशानीने त्याला बाहेरच्या फळ्यांवर गाठलं. "तुझ्या आईने जावांना पेढे वाटलेत रे. तू हे वर्षानुवर्षं चालवणार आहेस का?"

"काय सांगू? तुझ्या मुलाला दहा वर्षांत एक घर घेता आलं नाही, असं? आपल्या नशिबात घर नाहीच, ईशानी."

मी घाबरले. बाहेरच्या फळ्या म्हणजे घर धरायचं की नाही? उंबराच नाही, तर मी कुठे सुरू होते आणि कुठे संपते? काही असो, चुकूनही तो 'तथास्तु' शब्द बाहेर पडू नये म्हणून मी दिवसभर श्वास धरून राहिले.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मला रिकामं करून द्यायचं होतं. निहार सारखा घड्याळ बघत होता. लतिकाबाईंनी मात्र पातेलं काढलं, त्यात काठोकाठ दूध ओतलं आणि शेगडीवर ठेवलं. नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं म्हणे. माझी शेगडी काळ्या काचेची. दूध फसफसून वर आलं, काचेवर पसरलं, शेगडी पी-पी करून बंद पडली. बाईंचा चेहरा उजळला. निहार फडकं घेऊन धावला आणि मध्येच थांबला.

"आई, हे घर माझं नाही," तो म्हणाला. "भाड्याचं आहे, तीन दिवसांचं. दुपारी दुसरे लोक येतील. मी खोटं बोललो."

प्रतापराव हळूच खुर्चीवर बसले. दूध कडेने टपटपत राहिलं.

"ठाऊक आहे मला," लतिकाबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं."

"कसं?"

"एवढे कप्पे उघडले, एकात रिकामी पिशवी नाही. रबरबँड नाही, आइस्क्रीमचा धुतलेला डबा नाही. असं कुठे कुणाचं घर असतं का? तुझ्या फ्लॅटमधे ओट्याखाली जाऊन बघ, पिशव्यांची पिशवी लटकतेय. मी आल्या आल्या पाहिली. भाड्याचं असलं तरी घर तेच तुझं."

निहारच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्याने चुकून हातातलं दुधाचं फडकंच वर नेलं. "मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. आणि थोडा रागही होता माझा. मी काय पुढे घर घेशील म्हणून तुला लहानाचा मोठा केला?"

"मग हे दूध कशाला?" ईशानीने विचारलं.

"या वास्तूने याचं खोटं आठ महिने पोटात ठेवलं. तिला तसंच कोरडं सोडून जायचं? चिंचवडला काय सांगायचं ते मी बघीन." मग त्यांनी माझ्या भिंतीवर तळहात टेकला. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई गं, माझ्या लेकराला त्याचं घर मिळू दे."

मला बाई म्हणाल्या त्या. आजवर मला सगळ्यांनी सुंदर म्हटलं होतं, शांत म्हटलं होतं, पण असं हाक मारून कुणी काही मागितलं नव्हतं. आता बोलायला हवं, हे मला कळत होतं. कसं बोलायचं, ते कळत नव्हतं. मी सगळा जीव एकवटला. त्याच वेळी ढगाआडून ऊन आलं, आणि माझ्या छताच्या तुळईतून 'कट्' असा मोठा आवाज झाला.

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या.

"लाकूड तापलं की वाजतं," प्रतापराव म्हणाले. पण त्यांनीही हात जोडले होते.

अकरा वाजता ते गेले. वील्मा आली. शेगडीवरची साय तिने खरवडून काढली. चौकटीवरच्या कुंकवाला साबण लावला, सोडा लावला, पण ते उघड्या लाकडात मुरलं होतं. फिकट गुलाबी पाच बोटं अजून आहेत. शेवटी तिने कप्पे तपासले. सगळ्यात खालच्या कप्प्यात चिंचवडच्या किराणा दुकानाची एक पिशवी होती, चौकोनी घडी घातलेली. वील्माने ती उलगडली, ताणून पाहिली आणि परत घडी घालून होती तिथेच ठेवली.

हॅनेके म्हणाली होती, इथे मागे काही ठेवू नये. आता माझ्या पोटात एक पिशवी आहे. मग मी घर झाले का? कुणाचं? मला अजून उलगडा झालेला नाही. त्या दिवसापासून माझ्यात कुणी काही चांगलं बोललं की मी प्रयत्न करते. बहुतेक वेळा काहीच वाजत नाही.

तुम्ही कधी इकडे आलात तर ती पिशवी राहू द्या आणि जरा जपून बोला, मी ऐकत असते. आणि एक काम करा. निहार नेर्लेकरला कुठे घर मिळाल्याचं कानावर आलं, तर मला येऊन सांगा. इथून गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे केबिनला कुणी कळवत नाही. तो आवाज उन्हाचा होता की माझा, एवढं मला एकदा कळू द्या.