फोटोपुरता चालू

मी एक जुना संगणक आहे आणि सध्या माझा मुक्काम हडपसरच्या एका भंगाराच्या गोदामात, फुटक्या कूलरच्या शेजारी आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगायचं तर गोड सांगावं अशी रीत आहे. ते मला जमणार नाही. ज्याला गोड ऐकायचं असेल त्याने कूलरला विचारावं. त्याने निदान कुणाला तरी गारवा दिला.

परदेशी कंपन्यांना देशाची दारं उघडली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी 'कॉम्प्युटर' हा एकच शब्द आला, त्या दिवसांतला माझा जन्म. विजेच्या सामानाच्या दुकानांनी भरलेल्या तपकीर गल्लीतल्या एका माळ्यावर कुठले कुठले सुटे भाग जोडून मला उभं केलं आणि माझ्यासारख्याच काही भावंडांबरोबर नारायण पेठेतल्या एका कॉलेजात पाठवलं. तिथे आमचं स्वागत जावयासारखं झालं. नारळ फुटला, कपाळाला हळदकुंकू लागलं, खोलीत एसी बसला. प्राचार्य कुरकुरत्या पंख्याखाली घाम पुसायचे आणि मी थंड हवा खायचो. माझ्यासाठी फुलाफुलांचं आवरण शिवून घेतलं. चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असा नियम झाला. दारावर पाटी लागली: 'संगणकास हात लावण्यापूर्वी विचारावे. उत्तर नाही असेच आहे.' हे वाचून तेव्हा माझी छाती फुगायची.

संगणक हा विषय बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि तो सुहासिनी मॅडम शिकवायच्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांना माझी भीती वाटायची. मी बिघडलो तर प्राचार्य आपल्याला चारचौघांत बोलणार, ही धास्ती त्यांच्या पाठीला कायम चिकटलेली. त्यामुळे फळ्यावर माझी आकृती काढून त्या शिकवायच्या आणि मी त्यांच्या मागे आवरणाखाली बसून माझंच वर्णन ऐकायचो.

प्रॅक्टिकलला एका संगणकापाशी तिघं असत आणि खुर्ची एकच. माझ्यापाशी दिग्विजय, उत्कर्षा आणि हजेरीपुरता येणारा एक मुलगा. पहिल्या दिवशी दिग्विजय खुर्चीत बसला आणि ती खुर्ची वर्षभर त्याचीच झाली. त्याच्या कोथरूडच्या घरी स्वतःचा संगणक होता. तो माझ्यावर पत्त्यांचा डाव मांडायचा आणि मॅडम फिरत आल्या की पटकन एखादं पत्र उघडून ठेवायचा. उत्कर्षा खुर्चीच्या मागे उभी राहून बघायची.

एकदा तिने विचारलं, "दिग्विजय, मला जरा टाइप करू देशील?"

"अगं, बघ ना, सगळं स्क्रीनवर दिसतंय की!" तो मान न वळवता म्हणाला.

ती मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "तू हुशार आहेस गं. बघून बघून येईल तुला. उगाच अदलाबदल करताना काही बिघडलं म्हणजे?"

मला तोंड असतं तर मी तिथेच सुनावलं असतं. पण मला पडदा दिलाय, तोंड नाही. पडद्यावर त्या वेळी चौकटची राणी होती.

उत्कर्षा हडपसरची. तिचे वडील, ज्ञानदेव, एका कारखान्यात कामाला, आणि त्या कारखान्याचं काही खरं नव्हतं. शेवटचं वर्ष संपता संपता हिंजवडीची एक कंपनी कॉलेजात येऊन मुलं निवडणार होती. काम टायपिंगचं, पगार महिन्याच्या महिन्याला. या नोकरीवर तिची सगळी भिस्त होती. मग तिने काय करावं? पुठ्ठ्यावर माझा कीबोर्ड काढला. प्रॅक्टिकलला पुठ्ठा आणून दिग्विजयच्या खांद्यावरून डोकावत अक्षरांच्या जागा पडताळून घेतल्या आणि हडपसरहून येता-जाता बसमध्ये मांडीवर ठेवून बोटं चालवू लागली. दिग्विजयने तो पुठ्ठा पाहिला आणि "कॅरम आणलास का?" म्हणून सगळ्या वर्गाला हसवलं. काही दिवसांनी दिग्विजयचं एखादं अक्षर चुकलं, की मागे उभ्या असलेल्या तिचं बोट बरोबर अक्षराच्या दिशेने हवेत हलायचं. सगळ्या जागा तिला पाठ झाल्या होत्या. माझा ऊर भरून यायचा, आणि राग यायचा तो वेगळाच.

परीक्षेत संगणक विषयात उत्कर्षा कॉलेजात पहिली आली. लेखी पेपर तिचा उत्तम, जर्नल त्याहून उत्तम आणि जर्नलमध्ये पेन्सिलने काढलेले माझे पडदे इतके हुबेहूब, की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच पाहून प्रॅक्टिकलचे गुण दिले. मला चालू करण्याचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत. कॉलेजने तिचा फोटो सूचना फलकावर लावायचं ठरवलं. त्यासाठी तिला माझ्यासमोर खुर्चीत बसवलं. मित्रांनो, त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती.

फोटोच्या वेळी ज्ञानदेव आले होते. चपला काढून दारातच उभे राहिले.

"ह्येच का तुझं मशीन?" त्यांनी विचारलं.

उत्कर्षाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हो बाबा. हेच."

"मग चालवून दाव की जरा. घरी सांगाया बरं."

ती काही बोलायच्या आत मॅडम लगबगीने पुढे झाल्या. "आत्ता नको हं. फोटोपुरतंच चालू केलंय."

"बरं बरं," ज्ञानदेव म्हणाले आणि लांबूनच मला हात जोडले. असा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता. अहो, मला कसले हात जोडता?

मग कंपनीचा दिवस उजाडला. निकिता नावाची एक तरुण अधिकारी आली होती. एक इंग्रजी उतारा सगळ्यांनी टाइप करायचा, इतकीच चाचणी. प्रत्येकाला एकेक संगणक मिळाला. उत्कर्षा माझ्यासमोर बसली. तिने न बघता बोटं बरोबर अक्षरांवर ठेवली.

आणि घात झाला. पुठ्ठ्यावर बोट कितीही वेळ ठेवा, पुठ्ठा तक्रार करत नाही. पुढचं अक्षर मनात येईपर्यंत आधीच्या अक्षरावर बोट दाबून धरायची तिला सवय लागली होती. माझं तसं नाही. बोट दाबून धरलं की माझ्या पडद्यावर तेच अक्षर सांडत राहतं. पहिल्याच शब्दात टी, टी, टी अशी माळ लागली. ती दचकली. खोडायची कळ तिला ठाऊक होती. तीही तिने तशीच दाबून धरली आणि माळेबरोबर जे बरोबर आलं होतं तेही मी गिळून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा सांडलं, पुन्हा गिळलं. बोट उचल, बाई, नुसतं टेकवून उचल! पण हे तिला कोण सांगणार? ज्या वर्षात हे कळायचं, ते खुर्चीमागे उभं राहण्यात गेलं होतं. वेळ संपली तेव्हा पडद्यावर जेमतेम दीड ओळ होती.

निकिताने मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही याआधी कधी टायपिंग केलं नाहीये का?"

"केलंय," उत्कर्षा म्हणाली. "रोज केलंय."

निकिताने मॅडमकडे पाहिलं. "घाबरली असेल हो," मॅडम म्हणाल्या. "एरवी पहिली आहे आमची."

दिग्विजयची निवड झाली. त्याने नोकरी घेतली नाही. त्याला एमबीए करायचं होतं, चाचणी नुसती गंमत म्हणून दिली होती.

सगळे गेल्यावर उत्कर्षा परत आली. मॅडम दिवे बंद करत होत्या.

"मॅडम, आता कुणी नाहीये. दहा मिनिटं बसू का?"

"आता कशाला गं? झालं ना ते?" मॅडम म्हणाल्या आणि माझ्यावर आवरण घातलं. ते एका बाजूने वर राहिलं होतं. उत्कर्षाने ते खाली ओढून नीट केलं आणि ती गेली. पुढे तिचं काय झालं ते मला ठाऊक नाही. आमच्यासारख्यांना येऊन कोण सांगतं?

पुढे नवे संगणक आले, मी जिन्याखाली गेलो आणि बरीच वर्षं तिथेच राहिलो. शेवटी भंगारवाला आला. आवरण काढून तो बघतच राहिला. "मॅडम, ह्ये तर कोरं हाय! वापरलं न्हाई का?"

तेव्हा सुहासिनी मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. त्या अभिमानाने म्हणाल्या, "आमच्याकडे वस्तू जपतात."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगायचं असतं. मला फार जपलं होतं, म्हणून मी तसं सांगणार नाही. तुमच्या वर्गात नवं काही आलं असेल आणि तुमच्या खुर्चीमागे कुणी गप्प उभी राहून बघत असेल, तर जरा मान वळवा. उठा आणि तिला बसू द्या. आमचं काही बिघडलं, तर बिघडू द्या.