गुलाबी पाणी

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर शिवकांताचा डावा पाय रुसला तो रुसलाच. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा. मल्लिनाथअप्पांनी बायकोसाठी लोहाऱ्याच्या शेतातल्या घरामागं कमरेइतक्या पाण्याचा स्विमिंग टँक बांधला. गावानं यथेच्छ टवाळी केली. पण शिवकांता कठडा सोडून पाण्यात चालू लागली आणि अप्पांना आकाश ठेंगणं झालं.

मग पाणीच बिनसलं. अंगाची आग, डोळ्यांची चुरचुर. अप्पा रोज सकाळी काचेच्या नळीत टँकचं पाणी घेऊन त्यात लाल औषधाचे थेंब टाकत आणि हलवून रंग बघत. पिवळा आला तर पाणी आंबट, सोडा टाका; गुलाबी आला तर क्षार जास्त, ॲसिड ओता. रंग रोज गुलाबी. अप्पा रोज ॲसिड ओतत आणि आग वाढतच जाई.

"बास झालं," शेवटी शिवकांता म्हणाली. "म्या आता पाण्यात उतरत न्हाय."

अप्पांना ठाऊक होतं, पाणी सुटलं म्हणजे पाय सुटला.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत टँकच्या काठावर येऊन बसली. अप्पा लिंगपूजेवरून उठून तसेच आलेले, कपाळावर भस्माचे पट्टे ठसठशीत. नळी भरली, थेंब टाकले, तोंडावर अंगठा दाबून हलवली. गुलाबी!

"आवं, टोपण कुठं गेलं नळीचं?" शिवकांतानं विचारलं.

"हरवलं मागल्या अमावास्येला. अंगठा हाय की."

"बघू अंगठा."

अंगठ्याच्या रेघारेघांत पांढरं भस्म.

"आवं, ही शेणीची राख, नुसता खार! असल्याच राखंच्या पाण्यात माय कापडं धुयाची. तुमी पाणी तपासताव का इभूत?"

अप्पांनी हात धुतले, नळी पुन्हापुन्हा विसळली, कोपर बुडेल इतक्या खोलचं पाणी घेतलं आणि तोंडावर स्वच्छ प्लॅस्टिक धरून हलवली. पिवळंजर्द! म्हणजे इतके दिवस हा शहाणा बायकोला ॲसिडात चालवत होता.

"माझ्याच हातानं..." अप्पा ओल्या हातांकडं बघत म्हणाले.

"त्याच हातानं टँक बी बांधलाव," ती म्हणाली. "आता सोडा टाका."

पाणी सुधारलं. टोपणाची नवी नळी आली. अप्पांनी जन्मात पहिल्यांदा सकाळचा क्रम बदलला. आधी पाणी, मग पूजा.

दिवाळी सरली तेव्हाची सकाळ. 'देवा, ही मला दिलीस, लई दिलंस,' असं पुटपुटत अप्पांनी डोळे उघडले, तर ओलेती शिवकांता भस्मासाठी कपाळ पुढं करून उभी. तिच्यामागं टँकपासून देवघरापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती. शेजारी काठीचा ठसा कुठंच नव्हता.