आपली माणसं

रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याने ते मासिक टेबलावर आपटलं आणि माझ्या हातातली कॉफी सांडली. मुखपृष्ठावर तो स्वतःच होता. आमचा आन्सेल्म! ल्योंच्या विद्यापीठात जन्मभर कामगारांचा इतिहास शिकवलेला. हे मासिक दुकानात दिसलं की "तुझं दुकान आहे की गटार?" म्हणून पेपरवाल्याशी भांडण उकरून काढणारा. फोटोखाली मोठ्या अक्षरांत त्याचंच वाक्य होतं: 'आपल्या माणसांना आपल्याच गल्लीत परकं वाटतं.'

हे मासिक कडव्या उजव्यांचं, पण चौकात बोंबा मारणाऱ्या टोळक्याचं पत्रक नव्हे. गुळगुळीत कागद, लेखाखाली तळटीपा, आणि भाषा इतकी सभ्य की शिवी कुठे दडलीय ते शोधावं लागतं. ते कुणाकडे मत मागत नाहीत. आधी शब्द जिंकायचे, मतं मागाहून येतील, हे त्यांचं धोरण कित्येक दशकांचं. 'वंश' म्हणत नाहीत, 'संस्कृती' म्हणतात. 'हाकला' म्हणत नाहीत, 'ज्याने त्याने आपापल्या मुळांशी राहावं' म्हणतात. मग एक दिवस कुणी मंत्री टीव्हीवर तेच बोलतो आणि कुणाच्या भुवयाही उंचावत नाहीत. हे सगळं मला आन्सेल्मनेच तर समजावलं होतं.

"तो तर म्हणाला होता, जुन्या वस्त्यांवरचं छोटंसं त्रैमासिक आहे!" आन्सेल्म ओरडला. 'तो' म्हणजे वसंतात मुलाखतीला आलेला, तिशीतला, गुलाबी साखरबदाम घातलेला गोड पाव, ब्रिओश, घेऊन आलेला लाघवी माणूस. "त्याने माझी सगळी पुस्तकं वाचली होती, ओर्तांस. सगळी!"

"तिथेच संशय यायला हवा होता. मी बायको असून वाचली नाहीत."

तो हसला नाही. मलाही हसू येत नव्हतं, कारण दुपारी नवाल जेवायला येणार होती. नवाल आमची सून, अरब घरातली, वकील, पोटात आमचं पहिलं नातवंड. मला त्या मासिकाची भीती नव्हती. ती ते वाचेल आणि पुन्हा आमच्या दारात यायची नाही, ही भीती होती.

ती आली ती मासिक हातात घेऊनच. कुणीतरी मेट्रोत दाखवलं म्हणे.

"बरं झालं आलीस," आन्सेल्मने तिला खुर्चीत बसवलं. "माझं उत्तर त्यांना छापावंच लागेल ना?"

"लागेल. कायदाच आहे. त्याच अक्षरांत, त्याच जागी. काय छापायचं?"

"की माझं बोलणं त्यांनी वाकवलं!"

नवालने मुलाखत वाचायला घेतली. ओळीवर बोट ठेवून, खटल्याचे कागद वाचावेत तशी. ओव्हनमधली कोंबडी करपत चालली तरी मला उठवेना. आन्सेल्म येरझाऱ्या घालत होता.

"काय वाकवलंय?" अखेर ती म्हणाली. "बंद पडलेली बेकरी आहे. वाढलेली भाडी आहेत. घरमालकांना घातलेल्या शिव्यासुद्धा जशाच्या तशा आहेत. हे असं बोलला होतात का तुम्ही?"

"हो, पण..." त्याने मासिक ओढून घेतलं. पानं पुढे-मागे केली. "एक स्वल्पविरामही हलवला नाही हरामखोरांनी."

"मग एकच करता येईल," नवाल म्हणाली. "'आपली माणसं' म्हणजे कोण, ते लिहा."

त्याला तेवढाच आधार वाटला. त्याने पेन घेतलं आणि मोठ्याने बोलत लिहू लागला. "आपली माणसं, म्हणजे या क्रुआ-रूसच्या टेकडीवर राबलेली माणसं. विणकर, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या बाया..."

"त्यात मी आहे?"

"हा काय प्रश्न झाला!" आन्सेल्मने तिच्या खांद्यावर थोपटलं. अगदी मनापासून म्हणाला, "तू तर केव्हाच आमच्यातली झालीस, पोरी."

"झाले?" नवालचा आवाज चढला नव्हता. "मी याच टेकडीवरच्या इस्पितळात जन्मले. माझे वडील टेकडीखालच्या रंगकारखान्यात होते. त्यांच्या संपात तुम्ही भाषण ठोकलं होतंत, आन्सेल्म. मी बाबांच्या खांद्यावर बसून ऐकलंय. तेव्हा तुम्ही 'आपण' म्हणाला होतात. मग मी तुमच्यातली झाले कधी? आणि त्याआधी कोण होते?"

"मला तसं नव्हतं म्हणायचं."

"तेही कधी तसं म्हणत नाहीत."

तिने कोट चढवला. पोटावर हात ठेवून विचारलं, "आणि हे? हे जन्मतःच तुमच्यातलं असेल, की यालाही व्हावं लागेल?"

आन्सेल्मने पेन खाली ठेवलं. नवालने माझ्या दोन्ही गालांना गाल लावून निरोप घेतला. त्याच्याजवळ ती गेली नाही. दार लागलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. तोच ब्रिओशवाला. पलीकडचा गोड आवाज मला टेबलापाशी ऐकू येत होता. "प्रोफेसर, अंक पाहिलात ना? तुम्हाला काही खुलासा द्यायचा असेल तर आम्ही आनंदाने छापू. काही दुरुस्ती?"

आन्सेल्म समोरच्या अर्धवट लिहिलेल्या कागदाकडे पाहत राहिला. मग दाराकडे.

"नाही," तो म्हणाला. "दुरुस्ती काही नाही. सगळं माझंच आहे."

पलीकडून तो माणूस मनापासून आभार मानत राहिला.