चौथा आरोपी

अश्फाकला जमावानं मारल्यावर कितीतरी वर्षांनी सबीनाच्या साक्षीची तारीख लागली. पलूसकडच्या एका गावात तिच्या नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. मोबाईलवरच्या कसल्याशा चित्रावरून गावात दंगल उसळली आणि त्याला दुकानाच्या दारातच गजांनी मारलं. शेजारच्या रंगूबाईनं सबीनाला घरात ओढून घेतलं होतं. तिथल्या खिडकीतून तिनं सगळं पाहिलं. त्यानंतर ती कुपवाडला माहेरी आली, एका कारखान्यात कामाला लागली.

साक्षीच्या आदल्या दिवशी दीर रमजान आला.

"भाभी, उद्या चौघांनाबी वळखायचं. दिग्विजयलाबी."

"दिग्विजय तिथं नव्हता, रमजानभाई. तुमी त्याचं नाव फिर्यादीत ऐकीव घातलंय."

"त्याच्या बापानं, दादासोनं, भर ग्रामसभेत सांगितलं, ह्या मुसलमानांकडनं कुणी काय घेऊ नका म्हणून. इसरलात?"

"न्हाई इसरले."

"मग? एकाला सोडलं तर त्यांचा वकील म्हणंल, हिचं सगळंच खोटं. तिघंबी सुटतील!"

सबीनाला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या कोर्टात तिनं तिघांकडे एकेक करून बोट दाखवलं. त्यातला शिवतेज दर ईदला तिच्या घरी शिरखुर्मा प्यायला यायचा. मग सरकारी वकिलांनी चौथ्याबद्दल विचारलं. दिग्विजय भिंतीला टेकून उभा होता, तोंड बापासारखंच. एका शब्दाचं काम होतं. दादासोलाही कळलं असतं, घरातलं माणूस गेलं की काय होतं ते. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता.

"हा नव्हता," ती म्हणाली.

रमजान उठून बाहेर निघून गेला.

काही महिन्यांनी निकाल लागला. तिघांना जन्मठेप झाली, दिग्विजय निर्दोष सुटला. कोर्टाच्या फाटकात दादासो हात जोडून पुढं आला. "पोरी, तुजे लय उपकार..."

"तुमच्यासाठी न्हाई बोलले," सबीना म्हणाली. "माज्या माणसाच्या मरणात मला खोटं मिसळायचं नव्हतं. तुमी ग्रामसभेत जे बोललासा, ते तिथंच उभं ऱ्हाऊन मागं घ्या. हात मला नका जोडू."

दादासोनं हात खाली घेतले आणि तो निघून गेला. पण पुढच्या ग्रामसभेत तो उठला. आपण चुकीचं बोललो, त्यानं आग वाढली, एवढंच म्हणाला आणि बसला. काही जण उठून गेले, काही खाली बघत राहिले. रंगूबाईनं सबीनाला फोनवर हे सांगितलं आणि ती म्हणाली, "आता ये की गं परत."

"न्हाई मावशी. तिथं मला झोप लागायची न्हाई."

रमजान अजून तिच्याशी बोलत नाही. ईदला आपल्या पोरांना पाठवतो, स्वतः येत नाही. सबीना पोरांना जेवू घालते, आणि जाताना त्यांच्या हाती त्याच्यासाठीही डबा देते.