मुखवटेवालीचं नाव

"बारा," तनुजा म्हणाली. "त्याच्याकडे फक्त बारा काटे असतात. एक फेकला की त्या जागी नवा उगवायला पंधरा दिवस लागतात. म्हणून तो आधी विचार करतो आणि मग मारतो. आणि तुझ्या या गेममध्ये? रस्त्यात पडलेलं खोकं उचललं की पन्नास काटे हातात. हा साळिंदर नाही, खराटा आहे."

"खराटा तर खराटा," अर्शियाने पडद्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं. "मस्त झाडतोय."

गुरुवारची दुपार होती. विश्रांतवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये तनुजा पलंगाच्या कडेवर बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. अर्शिया बरोबर तिच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहणारी, बालवाडीपासूनची मैत्रीण. आज तिला सुट्टी होती, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन ती निवांत खेळत होती.

साळिंदर हा तनुजाच्या आवडत्या कॉमिक्सचा नायक. दिवसा मच्छिंद्र नावाचा विजेचे मीटर वाचणारा साधा माणूस, आणि संकट आलं की पाठीवर काटे उभे राहणारा साळिंदर. चौसष्ट अंक निघाले होते आणि चौसष्टही तनुजाच्या कपाटात ओळीने, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवलेले होते.

"आणि याचे दंड बघ," तनुजाचं चालूच होतं. "कॉमिक्समध्ये तो काटकुळा आहे. मीटरवाल्याला दारात कोणी नीट बघत नाही, म्हणून तर त्याला सगळ्या घरातलं सगळं कळतं. असे दंड असते तर पहिल्याच सोसायटीत वॉचमननं अडवला असता."

"तनू, तुझ्या कॉमिक्समध्ये ना एक घोळ आहे. तिथं त्याला मरायची भीतीच नाही. पुढचा अंक छापायचाय, तो मरेल कसा? इथं माझा अंगठा घसरला की तो मेला. म्हणजे मी मारला. घाम फुटतो मला."

तनुजाला हे अजिबात आवडलं नाही. ती खिडकीपाशी जाऊन आली.

हा गेम उद्या सकाळी सगळ्यांसाठी खुला होणार होता. खराडीतल्या एका छोट्या कंपनीने तो बनवला होता. तनुजा साळिंदरवर इंटरनेटवर लांबलचक लिहायची, ते वाचून तिथल्या रविराज सरांनी तिला बोलावलं होतं. गेममधल्या पात्रांची इंग्रजीतली वाक्यं भाषांतर होऊन मराठीत पडद्यावर उमटणार होती. ती सगळी एका तक्त्यात होती: तीन हजारांहून जास्त ओळी, आणि प्रत्येक ओळीत तीन रकाने. ओळीचा क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव, वाक्य. तनुजाने ती मूळ अंकांशी ताडून बघायची, चुकलेलं दुरुस्त करायचं. काम नीट झालं तर एक तारखेपासून कथा विभागात नोकरी. गेला आठवडाभर आईने बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मचं नावही काढलं नव्हतं, ते या नोकरीच्या भरवशावर.

तनुजाने जीव ओतून काम केलं. दोनशे अकरा चुका काढल्या आणि सोमवारी तक्ता परत पाठवला. सरांनी गेमही दिला होता, "एकदा खेळूनही बघा" असं सांगून. पण तनुजाची बोटं त्या बटणांवर चालत नसत. पहिल्याच गच्चीवरून ती अकरा वेळा खाली पडली आणि तिने तो नाद सोडला. तक्ता तर वाचला होता, मग खेळून वेगळं काय कळणार?

"हे काय गं?" अर्शिया म्हणाली. "सुरुवातीला पुरात याच्या हातातून सुटून बहीण वाहून जाते, तिचं नाव मैना ना?"

"हो. पहिला अंक."

"मग ही गच्चीवरची मुखवटेवाली कोण? तिचंही नाव मैनाच आहे. एकाच नावाच्या दोन बायका ठेवल्यात का?"

तनुजा पलंगावरून उठली. पडद्यावर पाऊस पडत होता. गच्चीच्या कठड्यावर मुखवटा घातलेली एक बाई उभी होती. खाली वाक्य उमटलं होतं: 'परत जा, साळिंदर.' आणि त्या वाक्याच्या वर, पिवळ्या अक्षरांत, बोलणाऱ्याचं नाव: मैना.

तिथं मुळात 'अनोळखी' असं होतं. तनुजाला ते स्वच्छ आठवलं. सतरा ओळींपुढे 'अनोळखी' लिहिलेलं बघून भाषांतर करणाऱ्याची तिला कीव आली होती. याला मुखवटेवाली कोण तेही ठाऊक नाही! एक्केचाळिसाव्या अंकात उघड झालंय की, ती पुरातून वाचलेली बहीणच आहे! तिने सतराच्या सतरा ठिकाणी नाव घातलं होतं आणि शेजारी शेरा मारला होता: 'नाव चुकून राहिलं आहे. अंक ४१ पाहा.' बोलणाऱ्याचं नाव वाक्याच्या डोक्यावर दिसतं, हे खेळणाऱ्या कुठल्याही शेंबड्या पोराला माहीत होतं.

"काय झालं? तोंड का असं?"

"ते गुपित आहे," तनुजा म्हणाली. "ज्यांनी अंक वाचले नाहीत, त्यांना ती कोण आहे ते शेवटी कळतं. अख्खा गेम त्याच्यावर उभा आहे. आणि मी ते पहिल्या दहा मिनिटांत लिहून टाकलंय."

अर्शियाने हातातलं सगळं बाजूला ठेवलं. "मग कळव त्यांना."

"कळवलं तर नोकरी गेली."

"आणि नाही कळवलं तर?"

तनुजा खोलीत तीन पावलं गेली, तीन पावलं आली. कदाचित कोणाच्या लक्षात यायचं नाही. कदाचित भाषांतरकाराच्या माथी बसेल. मग तिच्या डोळ्यांपुढे उद्या सकाळी खेळायला बसणारी पोरं आली. पिवळी अक्षरं वाचून "ही कोण?" असं विचारणारी, आणि दुसऱ्या मिनिटाला ओळखणारी. तिने फोन उचलला. रविराज सरांचा फोन बंद. मेसेजपुढे एकच टिक. कंपनीच्या नंबरवर एका मुलीने सांगितलं, "सर मीटिंगमध्ये आहेत. सहाला गेम अपलोड होणार, तोपर्यंत कोणाला भेटणार नाहीत."

"पावणेचार वाजलेत. गाडी काढते," अर्शिया म्हणाली.

"आई, आलेच गं!" तनुजा ओरडली.

"कुठं? अगं चहा टाकलाय मी!" आतून आवाज आला, पण तोवर दोघी जिना उतरून खाली पोचल्या होत्या.

पाचशे नऊ चौकात सिग्नल दोनदा हिरवा झाला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. पुढे पाण्याचा टँकर आडवा लागला होता. तनुजा मागच्या सीटवरून मान काढून बघत होती, घड्याळ बघत होती, फोन बघत होती.

"हलू नकोस, गाडी डुलते," अर्शिया ओरडली. "आणि ऐक, सरांना सांगताना काट्यांचं काही काढू नकोस."

"बाराच असतात."

"माहितीये बाई! बाराच असतात!"

विमाननगर ओलांडायला अर्धा तास गेला. खराडीत कंपनीच्या दारात पोचेपर्यंत सव्वापाच वाजत आले होते. बाहेरच्या मुलीने पुन्हा तेच सांगितलं. तनुजाने मीटिंगच्या खोलीच्या काचेवर टकटक केली. आतल्या सहाही माना वळल्या. रविराज सर उठून बाहेर आले.

"मीटिंग चालू आहे. आज वाढदिवस आहे का कोणाचा?"

"सर, मी चूक केलीय. मुखवटेवालीच्या नावाच्या जागी मैना लिहिलंय. सतरा ठिकाणी. खेळताना ते वर दिसतं."

रविराज सरांनी चष्मा काढला. शर्टाला पुसून पुन्हा घातला.

"छान," ते म्हणाले. "दोन वर्षं आम्ही सहा जण त्या बाईचा मुखवटा सांभाळतोय. दिवाळीत घरी बायकोलाही सांगितलं नाही. तुम्ही तो एका दुपारीत काढलात."

त्यांनी कोपऱ्यातल्या संगणकाकडे बोट दाखवलं.

"बसा त्या टेबलाशी. एकदम सगळीकडे बदलू नका, पुराच्या प्रसंगातली मैना खरी मैना आहे. एकेक ओळ बघून करा. चाळीस मिनिटं आहेत."

तनुजाने तक्ता उघडला. अर्शिया शेजारी खुर्ची ओढून बसली आणि क्रमांक वाचून दाखवू लागली. दोनशे चार, पूर, राहू दे. तीनशे सत्तर, गच्ची, बदल. सोळा झाल्या. सतरावी सापडेना. तनुजा वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

"रेल्वेचा पूल," अर्शिया म्हणाली. "जिथं ती नुसती हसते. दुपारी गच्चीच्या आधी मी तिथूनच गेले होते. तिथंही नाव होतं."

हसण्याचीसुद्धा एक ओळ होती. तनुजा ती विसरली होती. तिने नाव काढून 'अनोळखी' लिहिलं तेव्हा सहाला बारा मिनिटं कमी होती.

तक्ता गेममध्ये बसला, सहाला गेम अपलोड झाला, आतल्या खोलीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. रविराज सर चहाचे दोन कप घेऊन आले आणि अर्शियाकडे वळले.

"चूक तुम्ही पकडलीत?"

"पकडली कसली, सर. मी फक्त विचारलं की या दोन मैना कशा."

"साळिंदरचे किती अंक वाचलेत?"

"एकही नाही. बोअर होतं मला."

"सोमवारी दहाला याल का? पुढच्या गेमसाठी बसायचं, खेळायचं आणि जे कळणार नाही ते विचारायचं. पगारी काम आहे."

अर्शियाने तनुजाकडे बघितलं. तनुजा चहाच्या कपाकडे बघत होती.

"आणि मी, सर?"

रविराज सरांचा आवाज थोडा उतरला. "तनुजा, तुम्ही स्वतःहून आलात, हे मी विसरणार नाही. पण सगळं माहीत असलेले आम्ही सहा जण इथं आधीच आहोत. तुमचा तक्ता सहाही जणांनी बघितला. एकालाही ती चूक दिसली नाही, मलासुद्धा नाही. मला सातवा तसाच नकोय."

दोघी घरी परतल्या. जिन्यात अर्शिया म्हणाली, "मी नाही जाणार तिथं."

"कशाला नाही जाणार? माझ्यावर उपकार करायला?" तनुजा फटकन बोलली आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर निघून गेली. घरात गेल्यावर आईने विचारलं तर "झालं काम" एवढंच सांगितलं. शुक्रवारी सकाळी बँकेचा फॉर्म टेबलावर होता.

शुक्रवारभर तनुजा लोक काय म्हणतात ते वाचत राहिली. कोणी काट्यांवरून भांडत होतं, कोणी दंडांवरून. अंक न वाचलेल्यांत मुखवटेवाली कोण यावर पैजा लागल्या होत्या. एकाचं ठाम मत होतं की ती मच्छिंद्रची शाळेतली बाई आहे. ते वाचून तनुजाला हसू आलं आणि लगेच तिने फोन उलटा ठेवला. बसवेना. उभंही राहवेना.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला ती खाली गेली. अर्शिया शेवटाला पोचली होती. तनुजा दारातच उभी राहिली. पडद्यावर त्याच पावसात मुखवटेवाली गुडघ्यांवर बसली होती. साळिंदरकडे एकच काटा उरला होता. त्याने तो खाली टाकला आणि तिच्या चेहऱ्यावरचा मुखवटा हाताने काढला.

तनुजा पडद्याकडे बघत नव्हती. ती अर्शियाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"हं," अर्शिया म्हणाली. "मैना. ती चकली दे ना इकडे."

तनुजाने डबा उचलून दिला. एक्केचाळिसावा अंक आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. शेवटचं पान उलटल्यावर ती अनवाणी जिना उतरून याच दारापर्यंत धावत आली होती, अर्शियाला सांगायला. बेलवर बोट ठेवलं होतं. मग वाटलं, नको, हिने कधीतरी वाचलं तर? तशीच परत फिरली होती. आठ वर्षं तिने या एका मुलीला ते सांगितलं नव्हतं. बाकी सगळ्यांची सतरा ठिकाणं दुरुस्त झाली होती. हिची व्हायची नव्हती.

"अशी उभी काय राहिलीस? रडतेस की काय? गेम आहे तो."

"छान आहे ना शेवट?" तनुजाने विचारलं.

अर्शियाने चकली चावता चावता तिच्याकडे नीट बघितलं. "असेल," ती म्हणाली. "मला आधीच माहीत होतं ना."

तनुजा आत येऊन तिच्या शेजारी बसली. बराच वेळ पडद्यावर नावं सरकत राहिली.

"सोमवारी दहाला बोलावलंय ना तुला?"

"मी म्हटलं ना, नाही..."

"नऊला निघ. आणि तिथं कोणी पुढची गोष्ट सांगायला लागलं, तर सरळ उठून बाहेर जा. ऐकून घेऊ नकोस."