चंपा जिती असतानाची गोष्ट

मी माणिकरावांच्या घरचा टीव्ही बोलतोय, आणि संतापून बोलतोय. पोखर्णीच्या माणसांनी माझ्यासमोर बसून लय काही बघितलं. मीही त्यांना बघत होतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अठ्ठ्याऐंशी साली परभणीहून मला बैलगाडीत आणलं, वाकळीत गुंडाळून, बाळंतिणीसारखं. माळवदावर अँटेना चढला. माणिकरावांच्या मालकिणीनं, धुरपताबाईंनी, मला कुंकू लावलं. तेव्हा लय मान होता मला.

मग माझ्यावर एक शिरेल, म्हणजे मालिका, लागली. पहिल्याच भागात चंपा नावाची सासुरवाशीण विहिरीत मेलेली सापडली. तिला कुणी ढकललं, याचाच शोध दर आठवड्याला. चंपा दिसायची ती फक्त फोटोत, मान खाली घातलेली. सगळा गाव तिच्यापायी येडा झाला. बायनाबाई म्हातारीनं तर तिची तेरवी घातली, माझ्यासमोर पुरणपोळीचं ताट मांडलं, दहा घरची माणसं जेवून गेली. माणिकरावांनी माझ्या काचेला झेंडूचा हार घातला आणि डोळे पुसत म्हणाले, "लेक असावी तर अशी!"

मेलेल्या माणसाचं एक बरं असतं. ते उलटून बोलत नाही.

शिरेल संपली, पण चंपाला कुणी मारलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्याच लोकांनी सिनेमा काढला: चंपा मरायच्या आधीची गोष्ट. गाव हरखला. नागपंचमी झाली तशी माणिकरावांनी परभणीहून व्हिडिओ आणि त्या सिनेमाची कॅसेट भाड्यानं आणली.

त्याच दिवशी त्यांच्या लेकीला, मालनला, सासरी न्यायला तिचा दीर दत्तराव आला. मालन पंचमीला माहेरी आलेली. माझी काच पुसताना तिचा पदर सरकायचा, तेव्हा दंडावरचे वळ दिसायचे. मला दिसायचे, मग घरातल्यांचे डोळे काय फुटले होते?

"आबा, मला धाडू नका," ती म्हणाली.

"न्यायला आलेलं माणूस रिकामं धाडलं तर पावण्यारावळ्यांत नाक ऱ्हाईल का?" माणिकराव म्हणाले. "सिनेमा बघ अन् नीघ." तिची पेटी गाडीत चढलीसुद्धा.

दाराखिडक्यांना घोंगड्या टांगून सिनेमा लावला. ही चंपा मान खाली घालत नव्हती. सासऱ्याला उलटून बोलली, दिराला शिवी हासडली, दारोदार सांगत फिरली की मला मारायलेत, मला वाचवा.

"ही कोण भवानी?" बायनाबाई करवादली. "आमची चंपा गाय व्हती, गाय!"

"सिनेमावाल्यानं शिरेलची पार माती केली," माणिकराव म्हणाले.

"असलीला विहीरच पायजे," मागून कुणीतरी हाणलं. अर्धी ओसरी खदखदली. उरलेल्या अर्धीनं पदर तोंडाला लावला.

धुरपताबाई तेवढ्या बोलल्या. "तिची तेरवी जेवलात नव्हं? मग जिती व्हती तवा काय म्हणत व्हती, तेबी ऐका की."

माझ्या काचेवर चंपा माहेरच्या दारात येऊन उभी राहिली. बापानं दार अर्धंच उघडलं. म्हणाला, आल्या वाटेनं परत जा.

माणिकराव ताडकन उठले. "बंद करा ते!"

"चालू ऱ्हाऊ द्या," धुरपताबाई म्हणाल्या. "तिला कुणी ढकललं ते आत्ता कळायलंय."

माणिकरावांनी भिरकावलेला पितळी तांब्या माझ्या तोंडावर बसला. फटाक्यासारखा आवाज झाला आणि माझी काच ओसरीभर सांडली.

धुरपताबाई गाडीपाशी गेल्या. पेटी उतरवून उंबऱ्यात ठेवली आणि तिच्यावर बसल्या. "दत्तराव, जेवून जा. पण एकलेच जा."

"अगं, गाव काय म्हणंल?" माणिकराव ओरडले.

"गावाला मेलेली पोर आवडती. मला जिती लागती."

मालन गेली नाही. ती इथंच आहे, आईच्या बरोबरीनं रानात राबते. गाव मात्र अजून पारावर भांडतो, सिनेमानं शिरेल बाटवली का नाही म्हणून. मालनला काय सोसावं लागलं, हे एकानंही विचारलं नाही. लाज वाटत नाही यांना!

मी गोठ्यात पडलोय, पेंडीच्या पोत्याला टेकून. परवा माणिकराव कुणाला तरी सांगत होते, नवी काच बसवली की हा चालू होईल.

बसवा. पण आधी तो सिनेमा लावा, राहिला तिथून शेवटपर्यंत, आणि सगळ्यांत पुढं माणिकरावांना बसवा. ते जमत नसेल तर मला हात लावू नका. मी फुटकाच बरा.