आटलेला कोट आणि बावीस नंबरची अस्वलीण

मी एक जुना लोकरी कोट आहे. लाल-काळ्या चौकड्यांचा, चार मोठ्या खिशांचा आणि आता मोठ्या माणसांना न होणारा. मित्रांनो, माझ्यासारखे जुने जीव आपली कहाणी जन्मापासून ऐकवतात. मी इतका दमलो आहे, की तेवढं एका दमात उरकतो. मेंढीच्या अंगावरून गिरणीत गेलो, गिरणीतून दुकानात आणि दुकानातून मार्गिटच्या अंगावर.

मार्गिट काळ्या अस्वलांचा अभ्यास करते. आमच्या उत्तर मिनेसोटात बर्फ एकदा पडला की एप्रिलपर्यंत हलत नाही, आणि तेवढे महिने अस्वलं बिळात झोपून काढतात. खाणं नाही, पिणं नाही. माद्या तर जानेवारीत त्या झोपेतच पिल्लं देतात आणि पाजतातही. पाच महिने पडून राहूनही त्यांची हाडं झिजत नाहीत. ते कसं, हे मार्गिटला शोधायचं आहे. मी नुसता खुंटीला लटकून झिजलो, माझा अभ्यास करायला कोणी आलं नाही.

माझं काम मार्चमधलं. मार्गिट पालथी होऊन बिळात शिरते, काठीला लावलेल्या सुईनं मादीला गुंगी देते. मग मार्गिटचे मदतनीस तिला बाहेर ओढून मापं घेतात आणि गळ्यातला पट्टा सैल करतात. त्या पट्ट्यातल्या यंत्रामुळे वर्षभर तिचा ठावठिकाणा कळतो. तोवर पिल्लं गारठू नयेत म्हणून ती कोटात घालतात. अकरा हिवाळे मी पिल्लं सांभाळली. त्यांनी माझं अस्तर ओरबाडलं, माझ्यावर दूध ओकलं आणि बाकीचंही सगळं केलं. साबणाचा परका वास पिल्लांना लागू नये म्हणून मार्गिट मला कधी धूत नसे. ती कॉफीच्या दुकानात शिरली की माणसं खुर्च्या लांब सरकवत. "कोट आला रे, मागून मार्गिटही येईल!" असं म्हणून हसत. मला वाईट वाटत नसे. तो वास म्हणजे माझी कमाई होती.

तिचा आणखी एक नियम होता. दर खेपेला गावातला एक माणूस बरोबर न्यायचा. "माझे अहवाल कोण वाचतंय? पिल्लू एकदा छातीशी धरलं की माणूस विसरत नाही," ती म्हणे. त्याला कारण होतं. सप्टेंबरात शिकार सुरू झाली की पट्टा असलेलं अस्वल मारू नका, अशी ती फक्त विनंती करू शकत होती. कायद्याची सक्ती नव्हती. तिची अस्वलं गावाच्या मर्जीवर जगत होती.

आर्वो हा आमच्या गावचा सत्तरीतला खडूस. जन्मभर लाकडाचे ट्रक चालवले आणि म्हातारपणी मधमाश्या पाळल्या. एका उन्हाळ्यात मार्गिटच्या वहीतल्या बावीस नंबरच्या अस्वलिणीनं त्याच्या नऊ पेट्या फोडून मध फस्त केला. गावच्या सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "पट्टा असो की मोत्यांची माळ, सप्टेंबरात मी तिला गोळी घालणार." बऱ्याच माना डोलल्या. मार्गिटनं मला घट्ट आवळून धरलं होतं, म्हणून मला तिची भीती कळली. त्या वर्षीची शिकार बावीस नंबरनं कशीबशी चुकवली, आणि झोपायला जागा कुठे निवडली? आर्वोच्याच रानात, त्यानंच तोडून रचलेल्या फांद्यांच्या ढिगाखाली. आता त्याच्या परवानगीवाचून तिथे पाऊल टाकता येत नव्हतं.

"या की," आर्वो म्हणाला. "मीपण येतो. माझा मध पिऊन कशी घोरतेय ते तरी बघतो."

बिळापाशी मार्गिटनं त्याला थांबवलं. "तुमचं जाकीट काढा. करवतीच्या पेट्रोलचा वास येतोय त्याला."

"आणि तुझ्या कोटाला काय गुलाबाचा येतोय?"

"अस्वलाचा येतोय. पिल्लांना तो चालतो. घाला."

कुरकुरत त्यानं मला घातलं आणि आईला गुंगी आल्यावर मार्गिटनं बिळातली दोन पिल्लं त्याच्याजवळ दिली. एक तर थेट दाढीखाली शिरलं, कानाची पाळी तोंडात धरून गुणगुणू लागलं. ऊब मिळाली की पिल्लं अशीच गुणगुणतात.

"हे काय चाललंय याचं?"

"दूध शोधतंय, आर्वो."

"सांग त्याला, दुकान बंद आहे!"

सगळे हसले. पण त्याचा हात पिल्लाच्या पाठीवर होता आणि तो हलत नव्हता. मित्रांनो, मला वाटलं, काम फत्ते. पण पिल्लं परत बिळात ठेवल्यावर तो म्हणाला, "गोड आहेत. पण आईनं पेट्या फोडल्या त्या फोडल्याच. सप्टेंबर म्हणजे सप्टेंबर." मार्गिट सामान आवरू लागली. जाकीट तिच्या गाडीत विसरून तो मला घालूनच घरी गेला.

त्याची बायको एल्मा मोठी टापटिपीची. फिनलंडहून येऊन वसलेल्या या घरांतून दुसऱ्याचं वस्त्र मळकं परत करणं म्हणजे नाक कापून घेणं. तिनं मला कढत पाण्यात बुडवलं, सुगंधी साबणानं चोळलं आणि लाकडं पेटवून तापवलेल्या सौनाच्या खोलीत वाळत घातलं. लोकर आणि कढत पाणी! मी आटलो. अकरा हिवाळ्यांची कमाई एका दुपारी मोरीतून वाहून गेली. मला रडायला येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको मला घेऊन मार्गिटच्या ऑफिसात आली. बरोबर वेलदोड्याचा गोड पाव होता.

"काय घाण होती गं! तीन पाणी काळं निघालं," एल्मा कौतुकानं म्हणाली.

मार्गिटनं हात घातला. बाही कोपरापाशीच अडली. आर्वो खो खो हसू लागला. एल्माचा चेहरा मात्र उतरला.

"हसू नकोस, आर्वो. दुसऱ्याची वस्तू बिघडवली मी. मार्गिट, नवा कोट घेऊन देते."

"राहू द्या हो, एल्मा."

"असं कसं राहू द्या? काहीतरी माग. मागितल्याशिवाय या खुर्चीतून उठायची नाही मी."

मार्गिटनं माझी घडी घालून मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "तर मग बावीस नंबर द्या."

आर्वोचं हसू थांबलं. "एका आटलेल्या कोटापायी अख्खं अस्वल?"

"गप्प बस," एल्मा म्हणाली. "कोट घालून आलास तू, धुतला मी. भरपाई दोघांची."

"आणि माझ्या पेट्या?"

"पेट्यांभोवती विजेची तार लाव. तीन वर्षं ओरडतेय मी."

तो सप्टेंबर मी खुंटीवर काढला. तिसऱ्या आठवड्यात आर्वो आला. टोपी न काढताच म्हणाला, "काल आली होती. तारेला नाक लावलं आणि बोंबलली. मग तीस पावलांवर उभी राहून माझ्याकडे बघत बसली. बंदूक हातात होती माझ्या."

"मग?" मार्गिटनं विचारलं.

"ओरडलो मी. म्हटलं, पळ, सटवे! एल्माचा साबण आडवा आला म्हणून वाचलीस!"

पुढच्या सभेत त्यानं सगळ्यांना बजावलं, "ती माझी आहे. हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे." माना पुन्हा डोलल्या. मानांचं काय, त्या कशावरही डोलतात. पण त्यानंतर आमच्या भागात पट्टेवाल्या अस्वलावर कोणी बंदूक उचलली नाही.

मी मात्र कामातून गेलो. काही वर्षं शाळेची मुलं बीळ बघायला जाताना मला घालत. मग त्यांना चकचकीत हलके कोट मिळाले. मला कसर लागली. दर मार्चला बाकीचे कोट दारातून बाहेर पडताना मी ऐकतो. जावंसं वाटतं, पण उठायचं बळ नाही.

बावीस नंबर पुढे सहा वर्षं जगली, आणखी दोनदा व्याली. गेल्या ऑक्टोबरात, झोपायला जाण्याच्या जरा आधी, ती हमरस्त्यावर भरधाव गाडीखाली सापडली. आर्वो तिचा पट्टा घेऊन आला. तो त्यानं टेबलावर ठेवला नाही. माझ्याजवळ आला आणि माझ्या आतल्या खिशात घातला.

"तिचा वास आहे याला," तो मार्गिटला म्हणाला. "साबण लावायचा नाही म्हणून एल्माला सांगून आलोय."

मित्रांनो, रानातून जाताना गाडी हळू चालवा. कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावा. झोपलेल्यांना झोपू द्या. माझ्यासाठी मला काही नको. तो वास इतक्या वर्षांनी माझ्या लोकरीत परत आला आहे. एवढंच करा, मला धुऊ नका.